मास्क, घोंगडी आणि दुधाचं फडकं

आमच्या गल्लीत नळाला पाणी आठव्या-नवव्या दिवशी यायचं. कधी दहाव्या. आलं की तासभर, तेही करंगळीएवढ्या धारेनं. त्या तासात घरातलं जे जे पाणी धरू शकेल ते दारात रांगेला लागायचं. दोन टिपाडं, चार घागरी, आंघोळीची बादली, जुनी किटली, कुकरचं भांडंसुद्धा. एवढ्यावर तीन माणसांनी पुढचा आठवडा काढायचा. एका बादलीत आंघोळ व्हायची, त्याच पाण्यात पायपुसणं निघायचं आणि तेच पाणी शेवटी मोरीत. मला कॉलेजचे दोन ड्रेस होते. एक अंगावर आणि दुसरा धुवायचा राहिलेला, अशी माझी तीन वर्षं गेली. लाज वाटायची, पण रडून पाणी येत नाही हे मला लवकर कळलं होतं.

आम्ही राहायचो जालना एमआयडीसीच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या एका खोलीत. मूळचे राजूरकडचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. माळ कमी झाले, चराई राहिली नाही, तेव्हा आबांनी मेंढरं विकली. मी तिसरीत होते. आबा सळया ओढणाऱ्या कारखान्यात लागले आणि माय बियाण्याच्या कारखान्यात. तिथं फिरत्या पट्ट्यावरचं बी निवडायचं, फुटकं, किडकं, काडीकचरा बाजूला काढायचा. आमच्या भागातल्या बावीस बाया एकाच टेंपोत बसून कामाला जायच्या.

आबा सही करतात, माय अंगठा लावते. मी कॉलेजात गेले ती आमच्या घरातली पहिली. विषय सूक्ष्मजीवशास्त्र. आबांनी एकदा विचारलं, "नेमकं काय शिकून राह्यली तू?"

"डोळ्याला न दिसणारे जंतू, आबा."

"न दिसणारं? दिसणारी शेळी बांधता येत न्हाई तुला, आन् न दिसणारं राखणार?"

असं म्हणायचे, पण कुणी पाहुणा आला की माझी पुस्तकं मुद्दाम दिसतील अशी मांडून ठेवायचे.

मग कोरोना आला. आबांचा कारखाना बंद पडला. ते दिवसभर घरात बसून राहायचे आणि मोकळ्या हातांकडं बघायचे. मायचा कारखाना मात्र चालू राहिला, कारण पेरणी कुणासाठी थांबत नाही. गेटवर नियम लागला, मास्क नसेल तर आत यायचं नाही. कारखान्यानं दिलेले पातळ कागदी मास्क बी निवडताना उडणाऱ्या धुळीनं आणि घामानं दोन तासांत फाटायचे. मायकडं मावसबहिणीनं दिलेली पायमशीन होती. माय सुपरवायझरला म्हणाली, "साहेब, मी शिवते सगळ्यांचे. कापडी. टिकतेन."

दुकानं अर्धा दिवस उघडायला लागली तशी मी आणि माय जालन्याच्या बाजारात कापड बघायला गेलो. दुकानदारानं एक फिकट निळा तागा पुढं सरकवला. म्हणाला, "हे घ्या. औषध मारलेलं कापड हाये, अँटीमायक्रोबियल. जंतू टिकत न्हाई याच्यावर." ताग्याला इंग्रजी लेबल लटकत होतं. "वाचता येतं का पण?"

मायनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जंतूचंच शिकून राह्यली ती."

आजपर्यंत दुकानात आम्हाला कुणी काही वाचायला सांगितलं नव्हतं. मी लेबल हातात घेतलं आणि पहिल्या दोन ओळी मोठ्यानं मराठीत सांगितल्या. या कापडावर जंतूंची वाढ रोखणारी प्रक्रिया केलेली आहे. वारंवार धुतल्यानं तिचा परिणाम कमी होतो. खाली अजून बारीक अक्षरं होती. मी ती वाचली नाहीत. दुकानदार मान डोलावत होता, माय माझ्याकडं बघत होती, आणि मला वाटलं, झालं की वाचून.

घरी आल्यावर मायनं आबांना सगळं सांगितलं. आबा कापड बोटांनी चोळत म्हणाले, "जंतू बसत न्हाई, आन् धुतलं का गुण जातो? मंग ही घोंगडीच झाली की."

आमच्या लोकांत घोंगडी धुवायची पद्धत नाही. पावसात भिजते, चिखलात पसरते, मेंढीचं कोकरू तिच्यात गुंडाळून आणतात, तरी धुवायची नाही. झटकायची, उन्हात टाकायची, झालं. तिला कधी विटाळ होत नाही, देवापुढं अंथरतात तीही घोंगडीच. आबांचं म्हणणं मायला एकदम बराबर वाटलं. पाणी नव्हतंच घरात. धुवायला न लागणारी कुठलीही वस्तू आमच्या घरात देवासारखी होती.

मला ते पटलं होतं असं नाही. मनात कुठंतरी टोचलं होतं. पण मी नाही म्हणाले नाही. पहिल्यांदाच माझ्या शिक्षणाचा घराला उपयोग होत होता, आणि त्यात खोट काढायचा मोठेपणा तेव्हा माझ्यात नव्हता.

मायनं चार दिवसांत बावीस मास्क शिवले. दोन पदरी, नाकावर चिमटी बसेल अशी घडी, कानाला जुन्या बनियनची पट्टी, कारण इलॅस्टिक कानामागं कापतं. टेंपोत एकेकीच्या हातात देताना सांगायची, "धू नका बरं का. झटका आन् उन्हात टाका. औषध हाये त्याच्यात. माझ्या पोरीनं वाचलंय." लेबल तिनं फेकलं नाही. माझी दहावीची गुणपत्रिका ज्या पत्र्याच्या डब्यात होती, त्यातच ठेवून दिलं.

पहिले आठ दिवस मायचं नाव झालं. टेंपोत ड्रायव्हरच्या मागची फळी असते. तिथं धूळ कमी येते, धक्केही कमी. तिथं बसायची मावशी. मावशी म्हणजे आमच्या कुणाचीच मावशी नव्हती, टेंपोतली सगळ्यात वयस्कर बाई, आणि ती बोलली की टेंपो चालायचा. तिनं मायला शेजारी जागा करून दिली होती.

दिवस चैत्र-वैशाखाचे. कारखान्याचं छप्पर पत्र्याचं. मास्क सकाळी घातला की दुपारपर्यंत घामानं चिकटायचा. संध्याकाळी झटकून खिळ्याला, सकाळी उन्हाची तिरीप दाखवून पुन्हा तोंडाला. मायचा मास्क मी एकदा हातात घेतला तर आतून कडक झाला होता, भाकरीच्या पापुद्र्यासारखा. दुसऱ्या आठवड्यात मावशी म्हणालीच, "बाई, मास्क लावला का कालचा ठेचा आजबी नाकात येतो. डब्याला ठेचा आणायची गरजच न्हाई."

बाया हसल्या. मायही हसली.

तिसऱ्या आठवड्यात हसणं थांबलं. आधी एका तरण्या बाईच्या हनुवटीवर बारीक पुरळ आलं. मग गालांवर, ओठांच्या कडेनं. मग दुसरीला. मायला स्वतःलाही नाकाच्या दोन्ही बाजूंनी लाल चट्टे. खाजवून खाजवून एकीच्या पुळ्या पिकल्या. एका सकाळी सुपरवायझरनं पट्ट्यापाशी सगळ्यांना मास्क खाली करायला लावले आणि सात जणींना घरी पाठवलं. तोंड बरं होईपर्यंत यायचं नाही. त्या दिवसांत कुणाच्या अंगावर काहीही दिसलं तरी लोक दोन हात लांब व्हायचे, त्यांचाही दोष नव्हता.

मायचे चट्टे कमी होते म्हणून ती राहिली. आणि तेच वाईट झालं. ज्यांनी तिचे मास्क घातले त्या घरी, आणि शिवणारी पट्ट्यावर.

मायनं घरी काही सांगितलं नाही. मला कळलं ते तिच्या केसांवरून. संध्याकाळी ती आली तर केस, भुवया, पापण्या मातीनं पांढऱ्या झाल्या होत्या. पुढच्या फळीवर बसणाऱ्या बाईचे केस असे होत नाहीत.

"माय, तू कुठं बसली होतीस?"

"बसले कुठंबी. टेंपो त्योच हाये ना?"

"पुढं नव्हतीस?"

पदरानं तोंड पुसत ती म्हणाली, "त्यांनी डबे ठिवल्ते तिथं." जरा वेळानं म्हणाली, "मावशी म्हणली, तुझ्या कापडातलं औषध आमच्या तोंडावर उठलं. मी काय सांगू? मला काय कळतं त्यातलं?"

तिला कळत नव्हतं, कारण ते कळण्याचं काम माझं होतं. मी उठले, डबा उघडला, लेबल काढलं आणि दारात उजेडाला धरलं. पहिल्या दोन ओळी त्याच. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, प्रत्येक वापरानंतर साबणानं धुवा आणि पूर्ण वाळवून मगच वापरा. ही प्रक्रिया स्वच्छतेची जागा घेत नाही. मी तीनदा वाचलं.

खात्री करायला कॉलेजातल्या आमच्या सरांना फोन लावला. सर रागावले नाहीत. म्हणाले, "औषध कापडात असतं, मळ कापडावर बसतो. घाम, थुंकी, धूळ याचा थर चढला की खालचं औषध खालीच राहतं, जंतू वरच्या थरावर मजेत वाढतात. औषधाच्या मळक्या कापडापेक्षा साधं स्वच्छ सुती कापड कधीही बरं." मग विचारलं, "हे तुला परीक्षेत आलं असतं तर लिहिलं असतंस ना?" लिहिलं असतं, आणि पैकीच्या पैकी गुणही घेतले असते. तेच मला जास्त लागलं.

मायला सगळं सांगितलं. ती चूल फुंकत होती. फुंकणी बाजूला ठेवून म्हणाली, "मंग तवाच कामून न्हाई वाचलं?"

"वाचलं न्हाई, माय. अर्धंच वाचलं."

आबा भिंतीला टेकून ऐकत होते. हळूच म्हणाले, "घोंगडीचं मी म्हणलो. ती तर पाठीवर असती. तोंडावर कुठं असती?"

मायनं चुलीत काडी सारली. मग म्हणाली, "सकाळी टेंपोत ये माझ्यासंगं. मला जमणार न्हाई सांगायला."

सकाळी मी टेंपोत चढले. घरी पाठवलेल्या सात जणींपैकी चौघी टेंपोच्या थांब्यावर येऊन उभ्या होत्या, रोज यायच्या, सुपरवायझरचं मन बदललं का बघायला. पुढच्या फळीवर मावशीच्या शेजारी डब्यांच्या पिशव्या. माय मागं, फळकुटापाशी. मी उभी राहून बोलायला लागले. मी रात्री मनात घोकलेलं भाषण होतं ते, त्यात प्रक्रिया होती, वाढ होती, परिणामकारकता होती. दोनच वाक्यं झाली असतील.

मावशी म्हणाली, "बस कर गं बाई. तुझं इंग्रजीच आमच्या तोंडावर उठलंय."

टेंपो हसला. मग मी भाषण सोडून दिलं. "चूक माझी हाये," म्हणाले. "कापडाच्या चिठ्ठीवर लिव्हेल होतं, रोज धुवा म्हणून. मी तितकं वाचलंच न्हाई. माझ्या मायला वाचता येत न्हाई, तिनं माझ्यावर भरोसा ठेवला. तिला मागं बसवू नका. बसवायचं तर मला बसवा."

खाली उभ्या तरण्या बाईनं पदर तोंडावरून काढला. तिच्या हनुवटीवर खपल्या होत्या. म्हणाली, "माझं लेकरू जवळ येत न्हाई. तोंड पाह्यलं का रडतं." ती रागानं बोलली नाही, म्हणून जास्त लागलं.

"आता काय म्हणतीस मंग?" मावशीनं विचारलं.

"रोज धुवायचा. गरम पाणी, साबण."

"रोज! आन् पाणी? नळाला आठ दिवस झाले. तुझं कॉलेज आणून देतं का पाणी?"

पुस्तकात धुवा असं असतं, कशानं ते नसतं.

तेव्हा मागून माय बोलली. बसल्या जागेवरून, कुणाकडं न बघता. "मावशे, तुमच्याकडं म्हैस व्हती म्हणता ना गावाकडं? दूध गाळायचं फडकं किती दिवसानं धुवायच्या?"

"किती दिवसानं म्हंजे? रोज. दोन टायमाला."

"पाणी नसलं तरी?"

"येडी का तू? न धुतलं तर दुसऱ्या दिशी दूध नासतं. प्यायच्या पाण्यातलं तांब्याभर काढीन, पण फडकं धुईनच."

"मंग," माय म्हणाली, "आपून दूध गाळतो तसं वारं गाळून राह्यलो ना ह्याच्यातून? ही घोंगडी न्हाई मावशे. दुधाचं फडकं हाये. तांब्याभरच पाणी लागतं."

टेंपो सुरू झाला. मावशीनं स्वतःचा मास्क काढला, आतून बघितला, नाकाशी नेला आणि लांब धरला. "अगं बाई गं," म्हणाली. "ह्ये फडकं असतं तर सासूनं माझ्या तोंडावर मारलं असतं."

जागा मात्र तिनं करून दिली नाही. "बघू," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्या खोलीत वेगळंच काम सुरू झालं. एक मास्क धुऊन वाळत असताना दुसरा हवा, म्हणून मायनं घरोघरी जुनी सुती लुगडी आणि धोतरं मागितली, खळखळून उकळलेल्या पाण्यातून काढली आणि प्रत्येकीला एकेक जास्तीचा मास्क शिवला. निळे मास्कही टाकून दिले नाहीत. धुतले की तेही बरे होते, फक्त त्यांच्यातल्या औषधावर कुणी विसंबायचं नव्हतं. मी आणि माय मिळून पाणी मोजून पाहिलं. तांब्याभर कढत पाण्यात साबण घालून मास्क थोडा वेळ बुडवून ठेवला आणि चोळला, की अर्ध्या तांब्यात विसळून स्वच्छ होतो. त्याच पाण्यात फरशी पुसून होते. मग तारेवर, दोन्ही पट्ट्या ताणून, पार खडखडीत वाळेपर्यंत. दमट राहिला तर लावायचा नाही, आणि वाळलेला कमरेला खोचायचा नाही, धुतलेल्या रुमालात घडी करून न्यायचा. सात जणींना मी सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी मलम दिलं आणि तेच सांगितलं, की मळक्या, ओल्या कापडानं झालंय. या वेळी मलमाच्या नळीवरची सगळी अक्षरं मी वाचली. सोबत आलेली मावशी मागून म्हणाली, "खालचंबी वाच गं," आणि मीही हसले.

एक अडचण राहिली. सुपरवायझरनं कारखान्याच्या अंगणात तार बांधून दिली, दुपारच्या सुट्टीत मास्क बदलून ओला झालेला वाळवता यावा म्हणून. पण तारेवर सगळे सारखेच दिसायचे आणि एकीचा मास्क दुसरी उचलायची. माय घरी येऊन हे सांगत होती. आबा, जे कारखाना बंद झाल्यापासून दिवसाला चार शब्द बोलत होते, ते म्हणाले, "त्यात काय अवघड? हजार मेंढरं एका माळावर चरत्यात. मेंढपाळाला आपलं मेंढरू सापडत न्हाई का? खूण करायची."

त्यांनी रंगीत दोरे आणि सुई मागून घेतली. घोंगडीच्या काठाची दशी शिवायची सवय होती, हात मोठे असले तरी टाका नेमका. प्रत्येक बाईची खूण वेगळी. एकीला फुली, एकीला दोन रेघा, एकीला त्रिकोण, मावशीला लाल टिकली. चव्वेचाळीस मास्क. बाया दारात येऊन आपापली खूण सांगायच्या आणि आबा प्रत्येकीला विचारायचे, "बराबर आली का? न्हाईतर उसवतो." कितीतरी महिन्यांनी मी त्यांना शीळ घालताना ऐकलं, मेंढरं वळवायची ती जुनी शीळ.

पुरळ लगेच गेलं नाही. एकीला महिना लागला. मधे दोघी जणी कंटाळल्या, एक दिवस न धुताच मास्क लावून आल्या, तर मावशीनं टेंपोतून खाली उतरवून तांब्याभर पाणी आणायला पाठवलं. टेंपो तोवर थांबला.

माय रोज मागं बसत राहिली. मी विचारलं नाही. पण संध्याकाळी ती आली की आधी केसांकडं बघायचे.

शेवटची बाई, तीच हनुवटीवर खपल्या असलेली, कामावर परत आली त्या दिवशी माय घरी आली तेव्हा तिचे केस काळे होते. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "मावशीनं डबे मांडीवर घेतले."

पुढं आबांचा कारखाना सुरू झाला, लस आली, मास्क गेले. बियाण्याच्या पट्ट्यावर मात्र बाया अजून कापडी मास्क लावतात, धुळीसाठी, आणि तार अजून तिथंच आहे. मी पदवी पूर्ण केली. आता मी त्याच भागातल्या एका बियाण्याच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. बियांवरची बुरशी तपासते, आणि कुठलीही चिठ्ठी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.

ते मोठं काही नव्हतं. मायच्या मास्कनं ज्या सात जणी घरी बसल्या, त्या सातही जणींची तोंडं बरी झाली आणि सातही पट्ट्यावर परतल्या. त्यानंतर बावीस जणींपैकी कुणालाही पुन्हा पुरळ आलं नाही. आमच्या घरात एक पदवीधर झाली, आणि मायला टेंपोतली पुढची जागा परत मिळाली.